यंत्र कंपनीचे, छप्पर सरकारचे (कौशल्याचा हिशेब : भाग ६)

गेल्या आठवड्यात आयटीआयच्या प्रवेशांचा हिशेब मांडला. आज इमारतीचा, आणि त्यासाठी पैनगंगेपलीकडच्या, आता तेलंगणात असलेल्या आदिलाबादेत जाऊ.

आयटीआय नेमकी कोणाची? केंद्राने १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. १९५६ मध्ये संस्थांचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला. त्याच वर्षी आदिलाबादही जुन्या हैदराबाद राज्यातून आंध्र प्रदेशात गेले. १९६९ मध्ये खर्चाचा भारही राज्यांवर आला. प्रमाणपत्र दिल्लीचे, गळके छप्पर राज्याचे.

२००७-०८ मध्ये केंद्राने १,३९६ आयटीआयना प्रत्येकी अडीच कोटी देऊ केले. अनुदान नव्हे, बिनव्याजी कर्ज : दहा वर्षे सवलत, मग वीस वार्षिक हप्ते. म्हणजे वर्षाला साडेबारा लाख. कर्जदार म्हणजे उद्योजकाच्या अध्यक्षतेखालची संस्था व्यवस्थापन समिती. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखानदारीत असा अध्यक्ष सहज मिळेल. आदिलाबादेत सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना १९९८ पासून बंद. उरल्या जिनिंग-प्रेसिंग, त्या कापसाच्या हंगामापुरत्या धडधडणाऱ्या. वर्षभर हप्त्याची काळजी वाहणारा भागीदार तिथे आणायचा कुठून?

तेलंगणाने वेगळी वाट धरली. राज्यातल्या ६५ सरकारी आयटीआयंत टाटा टेक्नॉलॉजीजबरोबर प्रगत तंत्रज्ञान केंद्रे. एकूण सुमारे २,३२४ कोटी, त्यात सरकारचा वाटा सुमारे ३०८ कोटी. जून २०२४ मध्ये हैदराबादच्या मल्लेपल्लीत भूमिपूजन झाले. कारखाना गावात नसला तरी भागीदार मिळाला, हे मला या योजनेचे खरे बलस्थान वाटते. पण ८७ टक्के कंपनीचे म्हणून तेवढी रोकड तिजोरीत आली, असे कोणी समजू नये. तो वाटा मुख्यतः यंत्रे, सॉफ्टवेअर आणि प्रशिक्षणाच्या रूपात मोजलेला आहे. भिंती त्यातून उभ्या राहत नाहीत.

आणि भिंतींना आता महत्त्व आले आहे. जुना लेथ गळक्या शेडमध्येही तग धरतो. पावसाळ्यात ताडपत्री टाकली, तेलाचा हात फिरवला की झाले. संगणकावर चालणाऱ्या सीएनसीचे लाड वेगळे. तिला न हलणारी सपाट जमीन हवी, नीट अर्थिंग हवे, न डगमगणारी थ्री-फेज वीज हवी. ओल किंवा धूळ तिच्या कंट्रोल पॅनेलला सोसत नाही. छप्पर हा यंत्राचाच एक भाग झाला. तरीही यंत्राची पूजा होते, फोटो निघतो. पन्हाळ बदलल्याचा फोटो कुणी काढलेला मी तरी पाहिलेला नाही.

मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नवी योजना मंजूर केली : १,००० सरकारी आयटीआय, ६०,००० कोटी, केंद्राचे तीस हजार, राज्यांचे वीस, उद्योगांचे दहा. मोठ्या केंद्र-संस्थेभोवती लहान संस्था, आणि सूत्रे उद्योगाच्या हाती. म्हणजे आदिलाबादपुढे भागीदाराचा जुनाच प्रश्न. चंद्रपूर जिल्ह्यातला राजुरा-कोरपन्याचा सिमेंट पट्टा हाकेच्या अंतरावर आहे, पण तो महाराष्ट्रात. सिंगरेणीच्या कोळसा खाणी पूर्वी याच जिल्ह्यात होत्या. २०१६ च्या विभाजनानंतर त्याही मंचेरियालकडे आणि आसिफाबादकडे गेल्या.

(पुढील भागात : निदेशकांची रिकामी पदे)