पेट्रोल पोचतंय का? ठिणगी पडतेय का?

नगर-दौंड रस्त्यावर, काष्टीच्या थोडं अलीकडे तुमची जुनी बाईक फटफट करून बंद पडली, तर तुम्ही काय करता? बाजूला घेता. दोन-चार किक मारता. कॉक रिझर्व्हवर फिरवता, टाकी हलवून बघता, प्लग काढून पुसता. तरीही नाही झाली तर ढकलत गॅरेज गाठता. फार तर एक लेक्चर बुडतं.

आता तेच इंजिन जमिनीपासून हजार फुटांवर आहे असं समजा. एका इंजिनाचं छोटं विमान इंजिन बंद पडल्यावर लगेच दगडासारखं खाली येत नाही, ते तरंगत उतरतं. पण हजार फुटांवरून तुमच्या हातात जेमतेम दीड मिनिट असतं. बाजूला घ्यायला रस्ता नाही आणि प्लग पुसायला वेळ नाही.

‘घरी बनवलेलं विमान’ म्हटलं की आपले डोळे पंखांकडे आणि प्रोपेलरकडे जातात. आपल्याकडचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण कॅप्टन अमोल यादव यांचं. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान उभं केलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएकडे त्याची नोंदणी झाली आणि २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर त्याची चाचणी झाली. या बातम्या आपण वाचल्या, फोटो शेअर केले. पण असं कुठलंही विमान हवेत टिकतं ते दोन साध्या प्रश्नांवर. इंजिनापर्यंत पेट्रोल पोचतंय का? आणि ठिणगी वेळेवर पडतेय का? हे प्रश्न काष्टीतल्या कुठल्याही मेकॅनिकला पाठ आहेत. फरक आहे तो उत्तर किती पक्कं हवं याचा.

टाकी ते इंजिन

पहिल्या विमानाचं इंजिनही एका मेकॅनिकनेच बनवलं होतं. राइट बंधूंच्या सायकल दुकानात काम करणाऱ्या चार्ली टेलरने ते साधारण सहा आठवड्यांत तयार केलं. १७ डिसेंबर १९०३ ला ते उडालं, तेव्हा त्यात पेट्रोलचा पंपच नव्हता. छोटी टाकी वर बांधलेली आणि पेट्रोल आपल्या वजनाने खाली येत होतं. पंख केबिनच्या वर असलेल्या अनेक छोट्या विमानांत आजही हीच पद्धत आहे. पंख खाली असतील, तर टाकी इंजिनापेक्षा खाली जाते आणि पंप लागतो. मग इंजिनावर चालणारा एक पंप आणि तो दगावला तर म्हणून विजेवर चालणारा दुसरा, अशी जोडी बसवतात.

टाकीतून निघालेलं पेट्रोल आधी जाळीतून, मग कोणत्या टाकीतून घ्यायचं हे ठरवणाऱ्या व्हॉल्व्हमधून, मग गॅस्कोलेटर नावाच्या छोट्या वाटीतून जातं. ही वाटी पाइपलाइनच्या सगळ्यांत खालच्या जागी बसवायची, कारण पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं आणि ते तिथेच येऊन बसतं. उड्डाणाआधी पायलट तिथून आणि टाकीच्या तळातून थोडं इंधन पारदर्शक ग्लासात काढून बघतो. विमानाचं नेहमीचं पेट्रोल, म्हणजे शंभर एलएल, निळसर असतं. त्याखाली पाण्याचा थेंब वेगळा दिसतो.

टाकीला हवेची नळीही हवी. बाईकच्या टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं की गाडी थोडी चालून बंद पडते आणि झाकण उघडलं की पुन्हा चालू होते, हे तुम्ही कधीतरी पाहिलं असेल. पेट्रोल बाहेर जातं, हवा आत येत नाही, मग टाकी पेट्रोल धरून ठेवते. विमानात ही नळी माती किंवा किड्याच्या घरट्यानेही बुजू शकते. वर गेल्यावर झाकण कोण उघडणार?

इथे हाताला लागलेल्या काही सवयी सोडाव्या लागतात. नळाच्या आट्याला गुंडाळतो ती टेफ्लॉन टेप इंधनाच्या जोडाला लावायची नाही, कारण तिचा तुकडा सुटून आत गेला तर बारीक वाट बंद होते. गाडीचे आणि विमानाचे पाइपजोड दिसायला सारखे असले तरी मिसळायचे नाहीत. गाडीत पाइपचं तोंड साधारण ४५ अंशात फुलवतात, विमानात ३७ अंशात. दोन्ही एकमेकांवर आवळले जातात आणि नंतर गळतात. इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा, ज्याला फायरवॉल म्हणतात, त्याच्या पुढच्या पाइपांवर आगीला टिकणारं आवरण चढवतात. पाइप सायलेन्सरजवळून नेला तर पेट्रोलची आतच वाफ होते आणि पुरवठा तुटतो.

दीडपट आणि सव्वापट

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैल घेणारा माणूस नुसत्या शिंगांच्या रंगावर पैसे मोजत नाही. दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. इंधनाच्या यंत्रणेचंही तसंच. ‘इंजिन चालू झालं’ हा पुरावा पुरत नाही.

परीक्षा अशी असते. विमानाचं नाक वर उचलून ठेवायचं, जितकं ते सगळ्यांत तीव्र चढणीला उचललं जाईल तितकं. कारण चढताना टाकी आणि इंजिन यांच्या उंचीतला फरक बदलतो. मग इंजिनाजवळचा पाइप सोडून पेट्रोल भांड्यात पडू द्यायचं आणि वेळ मोजायची. अमेरिकी मार्गदर्शनानुसार टेकऑफला जितकं पेट्रोल लागतं, त्याच्या दीडपट आलं पाहिजे. पंप असेल तर सव्वापट. समजा इंजिन टेकऑफला तासाला ३६ लिटरच्या वेगाने पितं. मग वजनावर चालणाऱ्या यंत्रणेतून ५४ लिटरच्या वेगाने, म्हणजे मिनिटाला ९०० मिलिलिटर यायला हवं. इतकं साधं गणित आहे.

तरीही लोक ही परीक्षा टाळतात. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. इंजिनाची ताकद जाणं आणि विमानावरचा ताबा सुटणं, ही कारणं त्यात सगळ्यांत पुढे होती. इंधन यंत्रणा तपासल्याचा लेखी पुरावा मागा, अशी शिफारसही मंडळाने केली.

लुनाची आठवण आणि दोन मॅग्नेटो

आता ठिणगी. घरी आई-बाबांना विचारा, लुनाला बॅटरी होती का? नगरच्या कायनेटिकची लुना १९७२ मध्ये आली. पायडल मारलं की इंजिन फिरायचं आणि फिरणाऱ्या चुंबकातून वीज तयार होऊन प्लगला ठिणगी मिळायची. हाच मॅग्नेटो. बहुतेक पारंपरिक विमान इंजिनांत आजही मॅग्नेटो असतो, कारण बॅटरी मेली, वायरिंग जळालं, तरी इंजिन फिरतंय तोवर ठिणगी पडत राहते.

फक्त विमानात सगळं दोन-दोन. दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. एक संच गेला तर दुसऱ्यावर घरी परतायचं. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स ९१२ मध्ये मॅग्नेटोऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आहे, पण तिथेही दोन स्वतंत्र संच. म्हणून बसवणाऱ्याने एक गोष्ट सतत विचारायची. या दोघांत काही सामाईक आहे का? एकच अर्थिंग किंवा एकच कनेक्टर असेल, तर कागदावर दोन असलेले संच एकदमच बंद पडतात.

मॅग्नेटो बसवताना टायमिंग जुळवावं लागतं. अनेक लायकमिंग इंजिनांत पिस्टन वर पोचण्याच्या २५ अंश आधी ठिणगी पडते. नेमका आकडा इंजिनाच्या पाटीवर असतो, तोच पाळायचा. ‘कानाने ऐकून सेट करतो’ इथे चालत नाही.

आणि एक उलटी गोष्ट नीट लक्षात घ्या. घरातलं बटण बंद केलं की वायर तुटते. मॅग्नेटोचं बटण बंद केलं की वायर जोडली जाते, तिची वीज जमिनीला, म्हणजे इंजिनाच्या धातूला मिळते. म्हणजे ही वायर तुटली तर मॅग्नेटो कायमचा चालू! चावी खिशात असली तरी कुणी गंमत म्हणून प्रोपेलर हाताने फिरवला, तर इंजिन पेटू शकतं. म्हणून हँगरमध्ये प्रत्येक प्रोपेलर जिवंत समजतात.

उड्डाणाआधी पायलट एकेक मॅग्नेटो बंद करून बघतो. इंजिनाचे फेरे थोडे कमी व्हायला हवेत. फार कमी झाले तर प्लग किंवा मॅग्नेटोत बिघाड. पण अजिबातच कमी झाले नाहीत तर? आपल्याला वाटेल, भारी आहे इंजिन. प्रत्यक्षात जो बंद केला तो बंद झालाच नसावा.

एका नॉबची जागा

‘कंट्री रोड्स’ गाणारा जॉन डेन्व्हर अनेकांच्या प्लेलिस्टमध्ये आहे. तो १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या समुद्रावर लाँग-ईझी विमान उडवताना गेला. हे विमान दुसऱ्या कुणीतरी घरी बांधलेलं होतं आणि त्याने नुकतंच विकत घेतलं होतं. मूळ आराखड्यात टाकी बदलायचा नॉब पायलटच्या समोर, पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे नेला. त्यावर खुणाही नव्हत्या. तिथे हात न्यायला अंग वळवावं लागायचं. एनटीएसबीच्या निष्कर्षानुसार, टाकी बदलण्याच्या प्रयत्नात लक्ष गेलं आणि विमानावरचा ताबा सुटला. नॉबची ही जागाही मंडळाने कारणांत धरली.

बांधणाऱ्याने ती जागा निष्काळजीपणे निवडली नव्हती. केबिनमधून पेट्रोलचे पाइप जाऊ नयेत, हा विचार होता. विचार चांगला होता, पण घाईच्या क्षणी बसलेल्या माणसाचा हात कुठे जाईल, हे त्यात राहून गेलं.

पंपावरचं पेट्रोल चालेल का?

श्रीगोंदा तालुका उसाचा. उसापासूनच इथेनॉल बनतं आणि पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य देशाने २०२५ मध्ये गाठलं. शेतकऱ्याला त्यातून पैसा मिळतो, गाड्याही चालतात. विमान बांधणाऱ्याला मात्र थांबून विचार करावा लागतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं किंवा थंडी वाढली की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाला बसतो. काही रबर आणि सीलंट त्याने फुगतात. साध्या पेट्रोलवर चालणाऱ्या रोटॅक्स ९१२ लाही १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल मान्य आहे. म्हणजे कोपऱ्यावरच्या पंपावरून कॅन भरून आणणं हा मार्ग नाही.

मग सुरुवात कुठून?

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना एका तरुण कारागिराचा मृत्यू झाला. हेलिकॉप्टर उडालंही नव्हतं, फिरणारं पातं तुटून डोक्याला लागलं. हातात कला होती, जिद्द होती. ते काम तपासणारी यंत्रणा त्याच्या आसपास नव्हती.

म्हणून काष्टी-श्रीगोंद्यात डिप्लोमा, आयटीआय करणाऱ्यांनो, जुगाडाची वाहवा थोडी बाजूला ठेवा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर डीजीसीएच्या एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअरच्या परवान्याचा रस्ता खुला आहे. स्वतःचं विमान बांधायचं असेल तरी नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी डीजीसीएकडूनच घ्यावी लागते. तो वेळखाऊ रस्ता आहे, पण कुणीतरी तुमचं काम तुमच्याआधी वाईट नजरेने बघतं, ते याच रस्त्यावर.

तोवर सराव घरच्या ट्रॅक्टरवर, बाईकवर करता येतो. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने आवळा. लॉक वायर पिळायला शिका. ती घट्ट व्हायच्या दिशेनेच ओढणारी असली पाहिजे. आणि एक वही करा. तारीख, काय उघडलं, काय बसवलं, कुणी तपासलं, असे चार रकाने. शेवटच्या रकान्यात तुमचं स्वतःचं नाव चालणार नाही. तिथे मित्राची सही होईपर्यंत इंजिन चालू करू नका.