दिवाबत्ती गावाची, चोरी शहराची

पनवेलजवळचं विचुंबे नेमकं कुणाच्या अखत्यारीत येतं, हे एका दमात सांगता येत नाही. कारभार ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषद अलिबागला, जमिनीचा नकाशा ‘नैना’ या विमानतळ प्रभावित क्षेत्राच्या नावाने सिडकोकडे आणि पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. 2011 च्या जनगणनेने विचुंब्याची नोंद ‘जनगणना शहर’ अशी केली. मोजायला शहर, बाकी सगळ्याला गाव. पुढे 1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महानगरपालिका झाली. तिच्यात 29 गावं गेली, विचुंबे बाहेरच राहिलं. इथल्या रस्त्यावरच्या चोऱ्यांचा मागोवा घ्यायचा तर या हद्दींपासूनच सुरुवात करायला हवी. मोटारसायकलवरून येणाऱ्या चोराला हद्द आडवी येत नाही, दिव्याच्या खांबाला मात्र येते.

मुंबईची लोकल 1998 मध्ये पनवेलपर्यंत आली. तोवर नवीन पनवेल हा सिडकोने आखलेला शांत, काहीसा रिकामा भाग होता आणि त्याच्या पलीकडे भातशेती, गाढी नदी आणि विचुंबे, देवद, उसर्ली, आकुर्ली, सुकापूर ही गावं. अशा गावात परका माणूस शिरला की ओट्यावरून कुणीतरी हटकायचंच, “कोण रे तू? कुणाकडे चाललायस?” त्या प्रश्नात पाहुणचार किती आणि संशय किती, हे विचारणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. पण पहारा होत होता. त्याचे गोडवे फार गाऊ नयेत. तोच प्रश्न जात बघून वेगळ्या सुरात विचारला जायचा.

मग इमारती उठल्या. मुंबईत घर परवडेना म्हणून लोक हार्बरच्या शेवटच्या स्टेशनाकडे सरकले, तिथेही परवडेना म्हणून स्टेशनापासून शेअर रिक्षाच्या अंतरावर. पहाटे बाहेर पडायचं, रात्री परतायचं आणि शेजारच्या मजल्यावरच्या माणसाला नावाने ओळखण्याआधी भाडेकरार संपायचा. हटकायला कोणी उरलं नाही आणि उरलं तरी हटकायचं कुणाला? सगळेच परके. गावठाणाची अरुंद वाट, नव्या इमारतीसमोरचा काँक्रीटचा तुकडा, मग पुढच्या इमारतीपर्यंत मोकळा प्लॉट आणि अंधार. बिल्डरने आपल्या फाटकापर्यंत उजेड केला, फाटकाबाहेरचा रस्ता कुणाचाच नव्हता.

याच काळात रस्त्यावरच्या चोरीचं तंत्र बदललं. 2004 मध्ये ‘धूम’ चित्रपट आला आणि मराठी वर्तमानपत्रांना एक तयार शब्दप्रयोग मिळाला. तेव्हापासून सोनसाखळी हिसकावणारे दोघे ‘धूम स्टाईलने’च पोबारा करतात. गंमत सोडा, पण बातमीतलं यंत्र खरं होतं. दमदार मोटारसायकल सामान्य पोरांच्या हाती आली होती, हेल्मेटने चेहरा झाकला जात होता आणि मागे बसलेल्याचे दोन्ही हात मोकळे होते. सोन्याचा भाव तर असा पळाला, की 2004 च्या आसपास सहा हजारांच्या घरात असलेले दहा ग्रॅम 2012 मध्ये तीस हजारांवर गेले, ऑगस्ट 2020 मध्ये पंचावन्न हजारांवर आणि एप्रिल 2025 मध्ये एक लाखाला टेकले. दीड तोळ्याचं मंगळसूत्र म्हणजे चालताबोलता महिन्या-दोन महिन्यांचा पगार. ते घालून बाई सकाळी फिरायला किंवा संध्याकाळी भाजीला त्याच अर्ध्या उजेडाच्या रस्त्याने जाणार. चोराला रेकीची गरज तरी किती?

या काळात सुरक्षिततेचा जो उपदेश झाला, तो जवळजवळ सगळा बाईच्या गळ्याला उद्देशून होता. पदर घट्ट घ्या, पोत ब्लाऊजच्या आत सरकवा, रस्त्याच्या कडेने पण वाहनं समोरून येतील असं चाला, पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्यावर अडकवा, फोनवर बोलत चालू नका. यातलं काहीही चुकीचं नाही. समोरून येणाऱ्या गाडीकडे तोंड करून चालणं तर खरोखरच उपयोगाचं, कारण हिसका बहुतेकदा मागून बसतो. पण वीस-पंचवीस वर्षं आपण तीच यादी वाचतो आहोत आणि तिच्यात रस्ता कुठेच नाही. वटपौर्णिमेला, नवरात्रात, लग्नसराईत पोलीस आवाहन करतात की दागिने घालून गर्दीत जाऊ नका. वडाला दोरा गुंडाळायला निघालेल्या बाईने मंगळसूत्र घरी ठेवावं, असं सांगणाऱ्याला आपण काय सांगतोय याचा अंदाज नसावा. बायकांनी स्वतःच तोडगा काढला. काळ्या मण्यांची खोटी पोत रोजची, खरी कपाटात, लग्नकार्याला एक ग्रॅमवाले दागिने. सराफाच्या दुकानाशेजारी खोट्या दागिन्यांचं दुकान थाटलं गेलं. माझ्या मते या सगळ्या काळातला चोरीविरुद्धचा सर्वांत परिणामकारक उपाय हाच ठरला आणि तो ना ग्रामपंचायतीचा होता, ना पोलिसांचा.

हिसका मारण्याची ताकद किंवा गाडी नसलेल्यांनी जिभेचा धंदा केला. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे म्हातारी माणसं. साध्या कपड्यातले दोघे थांबवतात, ओळखपत्रासारखं काहीतरी झटकन दाखवतात आणि म्हणतात, “आजी, पुढे चोऱ्या झाल्यात, साहेबांचं चेकिंग चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा.” स्वतःच मदतीला पुढे होतात, पुडी बांधून हातात देतात. घरी जाऊन उघडावी तर आत दगड. दुसरी तऱ्हा त्याहून चतुर आहे. “शेठला मुलगा झालाय, पुढे साड्या वाटतायत, पण दागिने दिसले तर तुम्हाला गरीब समजणार नाहीत.” या बनावात लोभापेक्षा लाज जास्त वापरली आहे. जिने आयुष्यभर रांगेत उभं राहून काही मिळवलं, त्या म्हातारीने याला नाही म्हणणं कठीण. तिसरा प्रकार दारावर येतो, भांडी आणि दागिने उजळून देणारा. पोळलेल्या लोकांना नंतर घरचेच इतकं बोलतात की कित्येक जण तक्रारीला जातच नाहीत. उपदेशाच्या यादीत एकच ओळ वाढवायची असेल तर मी ही घालीन, की खरा पोलीस रस्त्यात कुणाचे दागिने काढून पुडीत बांधायला सांगत नाही. ही ओळ घरातल्या म्हाताऱ्यांना एकदा नव्हे, दर सणाला सांगावी आणि फसलंच कुणी तर त्यांना रागावू नये.

तक्रारीचा इतिहास वेगळाच. भारतीय दंड संहितेत ‘हिसकावणे’ नावाचा गुन्हा नव्हताच. मानेला ओरखडा आला, ढकललं, तर जबरी चोरी, म्हणजे कलम 392. तसं काही नसेल तर साधी चोरी, कलम 379. मंगळसूत्र एकच, पण कागदावर उतरताना त्याचं वजन बदलायचं. हरियाणा आणि गुजरात या राज्यांनी आपल्यापुरत्या दुरुस्त्या केल्या. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र कलम 304 मध्ये हा गुन्हा स्वतंत्रपणे मांडला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. जबरी चोरीचं कलम 309 वेगळं आहेच, त्यात दहा वर्षांपर्यंत. आणि महामार्गावर सूर्यास्त ते सूर्योदयाच्या दरम्यान घडली तर चौदा वर्षांपर्यंत. म्हणून ठाण्यात गेल्यावर ‘पोत गेली’ एवढंच सांगून थांबू नये. धक्का दिला का, ओढताना खरचटलं का, पडलात का, चाकू दाखवला का, हे क्रमाने सांगावं. जखम असेल तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी तक्रार घ्यावी लागते. विचुंब्यासारख्या हद्दींच्या सांध्यावर राहणाऱ्यांना ही शेवटची गोष्ट पाठ हवी. संकटाच्या क्षणी 2021 पासून राज्यात 112 हा एकच क्रमांक आहे.

मोबाइल गेला तर बरेच जण अजून ‘गहाळ’ झाल्याची नोंद करून मोकळे होतात. सिमकार्डाला तेवढं पुरतं. पण हातातून ओढून नेलेला फोन गहाळ झालेला नसतो आणि गहाळ लिहिलं की तो गुन्ह्यांच्या आकड्यात येत नाही. आकड्यात नसलेल्या रस्त्यावर गस्त कशाला वाढेल? केंद्राची सीईआयआर ही व्यवस्था आल्यापासून आयएमईआय क्रमांकावरून चोरीचा फोन सगळ्या नेटवर्कवर बंद करता येतो. 2019 मध्ये मुंबईत तिची सुरुवात झाली, 2023 मध्ये ती देशभर खुली झाली. आयएमईआय आज लिहून ठेवावा, फोनमध्ये नव्हे. दरवर्षी 2 जानेवारीच्या महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनाच्या सुमारास ठिकठिकाणी परत मिळालेला मुद्देमाल वाटला जातो. फोन परत घेताना फोटोत हसणाऱ्यांकडे बघावं. त्यातल्या प्रत्येकाने कागद नीट केलेला असतो. सोनं मात्र क्वचितच जसंच्या तसं येतं, ते आधी वितळतं.

भीतीचाही एक इतिहास आहे आणि तो चोरीपेक्षा भयानक आहे. टाळेबंदीत रस्ते ओस पडले, सोनसाखळीचोरांचा धंदा बसला, आणि त्याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर चोर आल्याच्या अफवा फिरल्या. गावोगावी तरुण काठ्या घेऊन रात्र जागवू लागले. 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार केलं. त्याआधी 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षा मागणाऱ्या पाच जणांना मारण्यात आलं होतं. कुठेही चोर नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर ‘संशयित फिरतोय, सावध’ असा फोटो टाकताना हे आठवत नाही. ओट्यावरून “कोण रे तू?” विचारणाऱ्याला समोरच्या माणसाचं तोंड बघून उत्तर ऐकावं तरी लागत होतं. पाठवलेल्या फोटोला तोंड उघडता येत नाही. गस्त घालायचीच असेल तर पोलीस ठाण्याला कळवून, ठरलेल्या माणसांनी, हातात शिट्टी आणि बॅटरी घेऊन घालावी. काठीचं काम तिथे नाही.

आता प्रत्येक फाटकाला कॅमेरा आहे. त्यातले बरेचसे आपल्याच पार्किंगकडे बघतात. स्कूटर कुणी घासली हे कळतं, फाटकाबाहेर काय झालं ते चौकटीच्या काठावर संपतं. तपास करणाऱ्याला दुकानादुकानातून तुकडे गोळा करून मोटारसायकलचा माग जोडावा लागतो. एक कॅमेरा रस्त्याकडे वळवायचा ठराव सोसायटीच्या बैठकीत आला की पहिला प्रश्न वीजबिलाचा निघतो. त्यापेक्षा रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी चहाची टपरी, मेडिकल आणि इस्त्रीवाल्याचं टेबल यांनी रस्ता अधिक राखला आहे. अतिक्रमणाच्या कारवाईत पहिली जाते ती तीच टपरी.

8 ऑक्टोबर 2025 ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पनवेलच्या या कडेला जागेचे भाव पुन्हा हलले आहेत, नव्या इमारतींचे पत्रे लागले आहेत आणि पत्र्यांच्या मागे आणखी एक लांब, वळणाचा, बिनखिडक्यांचा रस्ता तयार होतो आहे. त्यावर दिवे कुणी लावायचे, ग्रामपंचायतीने, सिडकोने की इमारत बांधणाऱ्याने, हे इमारतीची परवानगी देतानाच कागदावर यावं, अशी मागणी ग्रामसभेत करता येते. कायद्याने त्या सभा वर्षातून चार वेळा व्हायला हव्यात. तिथे गावठाणातले लोक असतात. इमारतीतले फारसे दिसत नाहीत. अनेकांचं मतदार यादीतलं नाव अजून जुन्या पत्त्यावर आहे.