सहलीचा हिशेब सासूबाईंच्या गुडघ्यापासून



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि उठता उठता एकीने विचारलं, "ताई, तुम्ही घरच्यांना घेऊन माथेरानच्या छोट्या रेल्वेत बसून आलात म्हणे. आम्हाला जमेल का?" जमेल. पण मला ते पहिल्या वेळी जमलं नव्हतं. म्हणून आज दोन्ही वेळचं सांगते, म्हणजे माझी चूक तुमच्या वाट्याला यायची नाही.

आधी ही गाडी काय आहे ते समजून घेऊ. रायगड जिल्ह्यात नेरळ गाव आहे, कर्जतच्या जवळ. नेरळहून माथेरानच्या डोंगरावर छोटी रेल्वे जाते. लोक तिला मिनी ट्रेन म्हणतात, माथेरानची राणीही म्हणतात. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ती बांधली. 1904 मध्ये काम सुरू झालं आणि 1907 मध्ये गाडी धावली. खर्च आला 16 लाखांच्या आसपास, त्या काळचे.

आपल्या नेहमीच्या रेल्वेच्या दोन रुळांत साडेपाच फुटांचं अंतर असतं. या गाडीच्या रुळांत फक्त 2 फूट. रूळ जवळ असले की गाडीला अगदी छोट्या जागेत वळता येतं. डोंगर फोडून सरळ जाण्यापेक्षा डोंगराच्या अंगाअंगाने वळणं घेत चढायचं, ही तिची रीत. बोगदा असा एकच आहे. चढ असा की काही ठिकाणी 20 फूट पुढे जाताना 1 फूट वर चढायचं. म्हणून वीसेक किलोमीटरला अडीच-पावणेतीन तास लागतात. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्थानकं लागतात. पूर्वी वाफेचं इंजिन होतं, आता डिझेलचं आहे.

आपल्या देशातल्या अशा तीन डोंगरी रेल्वे जागतिक वारसा यादीत आहेत : दार्जिलिंग 1999 पासून, निलगिरी 2005 पासून आणि कालका-सिमला 2008 पासून. माथेरानचं नाव त्या यादीसाठी भारताने सुचवलेलं आहे. सिमला, दार्जिलिंग आपल्याला लांब पडतात. माथेरान मात्र दोन दिवसांत होतं.

माझ्या सासूबाईंना या गाडीचं वेड का, तेही सांगते. लग्न झालं त्या वर्षी त्या कुर्डुवाडीहून पंढरपूरला बार्शी लाइटच्या छोट्या गाडीने गेल्या होत्या. त्या गाडीचे रूळ अडीच फुटांचे. पुढे तो मार्ग रुंद झाला आणि छोटी गाडी गेली. टीव्हीवर माथेरानची गाडी दिसली की त्या म्हणायच्या, "अगं, अशीच होती बघ आमची."

म्हणून आम्ही निघालो. निघालो कधी, तर जुलैत, पेरण्या उरकल्यावर. कुणालाच काही विचारलं नाही. नेरळला उतरल्यावर कळलं की पावसाळ्यात नेरळपासूनची गाडी बंद असते. बरोबरच आहे ते. 2005 च्या जुलैतल्या पावसाने हा मार्ग वाहून गेला होता, तो सुरू व्हायला 2007 उजाडलं. 2019 च्या पावसात पुन्हा नुकसान झालं, ते 2022 च्या ऑक्टोबरपर्यंत निस्तरत होतं. पावसात अमन लॉज ते माथेरान एवढ्या शेवटच्या टप्प्यावर गाडीच्या फेऱ्या होतात. आम्ही टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत गेलो. तिथून पुढे मोटारी जात नाहीत. अमन लॉज स्थानक जवळच आहे, पण रविवार होता आणि रांग लांबलचक. सासूबाईंना अर्धा तासही उभं राहवेना. शेवटी मुलं आणि हे चालत वर गेले, मी आणि सासूबाई दस्तुरीला छत्रीखाली बसलो. गाडी लांबून गेली तशी त्या म्हणाल्या, "पाहिली ना, झालं." मला ते फार लागलं. ज्यांच्यासाठी निघालो, त्यांचाच हिशेब आम्ही धरला नव्हता.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी एक नियम शिकले. सहलीचा हिशेब घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसापासून सुरू करायचा. कुणाच्या घरी ती आजी असेल, कुणाच्या घरी दोन वर्षांचं लेकरू, कुणाच्या घरी पोटुशी सून. बाकीचे कसेही जातात.

दुसऱ्या वेळी आम्ही डिसेंबरात गेलो. पाऊस संपून मार्गाची दुरुस्ती झाली की नेरळपासूनची गाडी सुरू होते. पण तारीख दर वर्षी तीच असते असं नाही. म्हणून घराबाहेर पाऊल टाकण्याआधी रेल्वेच्या 139 या क्रमांकावर फोन करायचा आणि चार प्रश्न विचारायचे. नेरळपासून गाडी सुरू आहे का? किती वाजता सुटते? तिकीट कुठे आणि किती आधी मिळतं? दर काय? उत्तरं वहीत लिहून घ्या. वर जाणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच असतात, त्याही सकाळच्या. डबे थोडे, जागा थोड्या. शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी असते. शाळेला दिवाळीची सुट्टी असेल तेव्हा सोमवार-मंगळवार धरा. आपल्याला कुठे रविवारची नोकरी आहे?

जायचं कसं? आमच्यासारख्या सोलापूरकडच्या बायकांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीने पहाटे कल्याण गाठावं. तिथून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडायची, दोन्ही नेरळला थांबतात. कसारा लोकलमध्ये मात्र चढू नका, ती नाशिकच्या बाजूला जाते. नाशिककडून येणाऱ्यांनीही कल्याणलाच गाडी बदलायची. पुण्याकडून येत असाल तर कर्जतला उतरा, लोकलने पुढचं दुसरं स्थानक नेरळ. एसटीत आपल्याला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. 65 ते 75 वयाच्यांनाही अर्धं, 75 च्या पुढे फुकट. आधार कार्ड जवळ ठेवा. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र 2020 मध्ये बंद झाली, ती धरून हिशेब करू नका.

आता पैसे. एका वहीत सात ओळी लिहा : घर ते नेरळ जाणं-येणं, छोट्या गाडीचं तिकीट, वर गेल्यावर भरायचा प्रवासी कर, एका रात्रीचा मुक्काम, दोन दिवसांचं खाणं-पिणं, वरचं फिरणं आणि मुलांची चिक्की-चप्पल. प्रत्येक ओळीपुढे फोन करून विचारलेला आकडा लिहा, अंदाजाने नको. बेरजेत दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी मिळवा. मग जेवढे महिने हातात आहेत त्यांनी भागा. आम्ही फेब्रुवारीपासून महिन्याला 600 रुपये बाजूला टाकले, म्हणजे दिवसाला 20. दहा महिन्यांत 6,000 झाले.

इथे समन्वयक म्हणून एक गोष्ट ठासून सांगते. सहलीसाठी गटाकडून कर्ज घ्यायचं नाही. शेळीसाठी घेतलेलं कर्ज शेळी फेडते, सहलीचं कर्ज कोण फेडणार? हप्ता थकला की तुमच्या एकटीचं नाही, सगळ्या गटाचं नाव खराब होतं. सहलीचा डबा वेगळा आणि वहीसुद्धा वेगळी.

पैसे जमले तरी बाई घरातून निघत नाही, ते गुरांमुळे. "म्हशीची धार कोण काढणार?" यावर आमच्या गटाने अदलाबदल केली. आम्ही गेलो तेव्हा शेजारणीने आमची गुरं पाहिली, पंधरा दिवसांनी ती गेली तेव्हा मी तिची पाहिली. कुणी कुणाचे उपकार घेतले नाहीत.

आणि चूल? ती घरीच राहू द्या. स्टोव्ह किंवा सिलेंडर रेल्वेतून न्यायला बंदीच आहे. पहिल्या दिवसापुरत्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या. पुढचं जेवण विकत. सगळं घर सहलीला आणि आपण मात्र तिथेही भाकऱ्या थापत बसलो, तर आपली सहल कुठे झाली?

आता वरची माहिती. माथेरान सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. तिथे मोटारींना बंदी आहे, रुग्णवाहिकेसारखी अपवादाची वाहनंच चालतात. चालायचं, नाहीतर घोडा. आता मोजक्या ई-रिक्षाही आहेत. घोड्यावर बसण्याआधी दर आणि कुठपर्यंत नेणार ते ठरवून घ्या. वाटा लाल मातीच्या, म्हणून चाकाची बॅग नको, पाठीवरची पिशवी बरी. पायात घट्ट बसणारी चप्पल हवी. माकडं फार, खाऊची पिशवी हातात मिरवू नका. वळणांनी मळमळतं, आवळा सुपारी जवळ ठेवा. या छोट्या डब्यांत शौचालय नसतं, म्हणून नेरळलाच सगळ्या बायका-मुलांनी जाऊन यावं. गुडघे दुखणाऱ्यांनी सगळे पॉइंट पाहायचा हट्ट धरू नये. बाजाराजवळचा खंडाळा पॉइंट पाहावा. दुसऱ्या दिवशी ई-रिक्षा किंवा घोडा मिळाला तर शार्लोट तलावाकाठी पिसारनाथ महादेवाचं दर्शन घ्यावं. कड्याच्या टोकाशी मुलांचा हात सोडू नये.

नेरळची गाडी भरली तर काय, हेही आधीच ठरवा. टॅक्सीने दस्तुरी आणि तिथून अमन लॉजची गाडी, म्हणजे थोडा तरी प्रवास घडतो. एकाने पुढे जाऊन तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं आणि म्हाताऱ्या माणसाने बाकावर बसायचं, हेही घरूनच ठरवून निघा.

आम्ही तसंच केलं. माझे यजमान पहाटेच रांगेत जाऊन उभे राहिले. सासूबाईंना खिडकीची जागा मिळाली. वॉटर पाइपच्या पुढे बोगदा येतो, त्याचं इंग्रजी नाव 'वन किस टनेल'. धाकट्या जावेने अर्थ सांगितला तशा सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. बाकी सगळी वाट त्या गप्पच होत्या. वर पोचल्यावर एवढंच म्हणाल्या, "आमची गाडी हिच्यापेक्षा जरा मोठी होती."

तेव्हा पुढच्या बैठकीत हप्ते झाले की दहा मिनिटं जास्त बसा. प्रत्येकीने आपल्या घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाचं नाव सांगायचं आणि त्याला कुठे जायचंय ते विचारून यायचं. माथेरानच असं नाही, तुळजापूर असेल, समुद्र असेल. वहीच्या पहिल्या ओळीत ते नाव लिहा. खर्चाच्या सात ओळी त्याच्या खाली.