दहा राग आणि तीन यंत्रे

वेंगुर्ल्याच्या परिसरात 'कॅसिओ' म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. लग्नातला वाद्यवृंद असो की गणेशोत्सवातला कार्यक्रम, विजेवर चालणारे पट्ट्यांचे वाद्य दिसले की ते कोणत्याही कंपनीचे असले तरी आपण त्याला कॅसिओच म्हणतो. त्याच्या शेजारी बहुधा ऑक्टोपॅड असतो. डबलबारीचा जाणता श्रोता मात्र या दोघांकडे पाहून नाक मुरडतो. पेटी आणि पखवाज वाजवायला माणूस लागतो, ही यंत्रे काय, बटण दाबले की आपोआप वाजतात, असे त्याचे म्हणणे. या म्हणण्यात तथ्य किती, हे पाहण्यासाठी प्रस्तुत लेखात मुंबईच्या एका वादकाची ओळख करून द्यायची आहे. त्याचे नाव चरणजित सिंग.

प्रथम विषय थोडा स्पष्ट करून घेऊ. विजेच्या साहाय्याने होणाऱ्या संगीताचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एका प्रकारात रचनाकार स्टुडिओत बसून ध्वनिफितीचे तुकडे कापतो, जोडतो, उलटे फिरवतो, आणि तयार झालेली फीत श्रोत्यांना ऐकवतो. पॅरिसला पिएर शेफर यांनी १९४८ साली अशा कामाला आरंभ केला. दुसऱ्या प्रकारात यंत्र श्रोत्यांसमोर असते आणि माणूस ते त्याच क्षणी वाजवतो. अमेरिकेचा डेव्हिड ट्यूडर हा या दुसऱ्या पंथाचा मोठा पुरस्कर्ता. मुळात तो पियानोवादक. पुढे पियानो मागे पडला आणि तो स्वतः जोडलेल्या विद्युत्-मंडलांतून संगीत काढू लागला. 'रेनफॉरेस्ट' या त्याच्या रचनेत पिंप, पत्रा अशा वस्तूंनाच ध्वनीचे कंप देऊन बोलके केलेले असते. हाच ट्यूडर १९६९ साली अहमदाबादला आला होता आणि तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये त्याने मोग सिंथेसायझर बसवून दिला. आपल्या देशातील हा पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ. तो काही वर्षांत बंद पडला आणि तेथल्या फिती कपाटात राहिल्या. त्यांतल्या निवडक रचना प्रकाशात यायला २०२३ साल उजाडले.

अहमदाबादच्या या प्रयोगशाळेशी चरणजित सिंग यांचा संबंध नाही. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे मुंबईचे चित्रपटसंगीत. १९४० साली मुंबईत जन्मलेला हा वादक बेस गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड वाजवीत असे. ट्रान्झिकॉर्ड हे अॅकॉर्डियनसारखे दिसणारे, पण भात्याऐवजी विजेवर वाजणारे वाद्य. राहुलदेव बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांकडे त्यांनी वादन केले. 'हरे रामा हरे कृष्णा' या १९७१ च्या चित्रपटातील 'दम मारो दम'मध्ये ट्रान्झिकॉर्ड त्यांचेच. त्या काळी ध्वनिमुद्रणाला मोठा ताफा एकत्र बसे आणि गाणे एकदमच वाजवले जाई. एकाचा सूर चुकला की सर्वांना पुन्हा पहिल्यापासून. या ताफ्यात आपल्या शेजारच्या गोव्याचे कितीतरी व्हायोलिनवादक आणि ट्रम्पेटवादक होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव तर पुढे एका चित्रपटगीतामुळे घरोघर झाले. चरणजित सिंग घडले ते या शिस्तीत.

ऐंशीच्या आसपास डिस्कोची लाट आली. १९८० च्या 'कुर्बानी'ने तिला तोंड फोडले, १९८२ च्या 'डिस्को डान्सर'ने कळस चढवला. त्याच १९८२ साली एचएमव्हीने चरणजित सिंग यांची एक तबकडी काढली. नाव होते 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग, आणि साथीला तबला नाही, तंबोरा नाही. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे एवढाच सरंजाम. (आपला ऑक्टोपॅड मूळचा याच कंपनीचा.)

ही तीन यंत्रे काय करतात ते सविस्तर पाहण्यासारखे आहे. पहिले टीआर-८०८ हे तालयंत्र. त्यावर ओळीने सोळा बटणे असतात. आपल्या त्रितालाच्याही मात्रा सोळाच, त्यामुळे जमून येईल असे वाटते. पण डिस्कोत प्रत्येक ठोक्यावर खर्जाचा ढोल तितक्याच जोराने पडतो. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते, डग्गा आवाज आवरतो आणि श्रोत्याला आपण आवर्तनात कोठे आहोत ते कळते. डिस्कोला खाली नाही. माझ्या मते या तबकडीतली खरी उणीव स्वरात नाही, येथे आहे.

दुसरे टीबी-३०३. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून हे बनवले होते. म्हणजे ज्या माणसाची जागा घेण्यासाठी यंत्र निघाले, तोच माणूस ते वाजवायला बसला! हे यंत्र चालवणे मोठे किचकट. स्वर आधी वेगळे भरायचे, त्यांचा काळ मागाहून वेगळा भरायचा, आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचे असेल तर तशी खूण करायची. ही घसरण म्हणजे आपली मींडच, निदान तिची धाकटी बहीण. गिटारवादकांना हे यंत्र पसंत पडले नाही आणि १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन थांबले. चरणजित सिंग यांनी मात्र ती घसरण रागाच्या चलनाला जुंपली.

तिसरे ज्युपिटर-८, आठ स्वर एकाच वेळी धरू शकणारा सिंथेसायझर. आलापी आणि ताना यावरच, आणि त्या हाताने वाजवलेल्या. आता पट्ट्यांच्या वाद्यावर राग वाजवावा की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. पेटीचे स्वर ठोकून बसवलेले, त्यांना श्रुती नाहीत आणि मींड नाही, या कारणाने आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. गोविंदराव टेंबे यांच्यासारखे पेटीवादक असलेल्या महाराष्ट्राला हा अपमान वाटला यात नवल नाही. गंमत अशी, की पेटीवरचा हा आक्षेप ज्युपिटरला पूर्णपणे लागू पडत नाही. त्याच्या डाव्या बाजूस स्वर वाकवणारी एक दांडी असते. उजव्या हाताने पट्टी दाबून डाव्याने दांडी सरकवली की स्वर जागचा हलतो. भैरवाचा कोमल रिषभ आंदोलित असतो. पेटीवर त्याचे आंदोलन अशक्य, येथे ते हाताच्या कसबावर अवलंबून. तोडीचा अतिकोमल गंधार इतका सूक्ष्म, की दांडीने तो नेमका साधणे अवघडच. भूपाळी आणि कलावती हे राग पट्टीवर मुळातच जास्त सुखाने नांदतात. तबकडी ऐकणाऱ्याने हा फरक अवश्य पाहावा.

तेव्हा बटण दाबले की वाजते, हा आक्षेप अर्धाच खरा. ताल आणि खर्ज यंत्रात आधी भरलेले, पण राग मात्र त्या क्षणी माणसाने मांडलेला. चुकला तर तोच चुकणार. दुसरीकडे, सिंथेसायझरने पुढे चित्रपटाचा तो मोठा ताफाच मोडीत काढला, वादकांच्या पोटावर पाय आला, हेही तितकेच खरे. नव्वदच्या दशकात पन्नास जणांचे काम दोघे-तिघे करू लागले. गोव्याकडच्या कित्येक घरांना याची झळ लागली. यंत्राची बाजू मांडताना ही गोष्ट दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

तबकडी त्या वेळी फारशी खपली नाही. शास्त्रीयवाल्यांना ती डिस्को वाटली, डिस्कोवाल्यांना शास्त्रीय. चरणजित सिंग आपल्या कामाला लागले. पुढे १९८७ साली अमेरिकेत शिकागोच्या काही तरुणांनी तेच टीबी-३०३ वापरून 'अॅसिड ट्रॅक्स' ही तबकडी काढली आणि तीतून 'अॅसिड हाउस' नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार जन्मला. त्यांनी मुंबईची तबकडी ऐकली होती असे मानायला काही आधार नाही. एका डच संग्राहकाच्या हाती ती भारतात लागली आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा युरोपातल्या श्रोत्यांचा विश्वासच बसेना. ही १९८२ ची असणे शक्य नाही, कोणा पाश्चात्त्याने केलेली ही थट्टा आहे, अशी कुजबूज झाली. मग त्यांना 'अॅसिड हाउसचे जनक' ठरवण्याची घाई सुरू झाली. हा मान मला थोडा चुकीच्या दिशेने आलेला वाटतो. शिकागोच्या आधी पाच वर्षे, म्हणून ही तबकडी मोठी नव्हे. मालकंसात पंचम नाही, ललतात दोन्ही मध्यम आहेत, हे जाणणारा वादक त्या यंत्रांसमोर बसला होता. पाच वर्षांच्या हिशेबात ही गोष्ट झाकली जाते.

उतारवयात त्यांना युरोपातून आमंत्रणे आली. सत्तरी ओलांडलेला हा गृहस्थ नाचणाऱ्या तरुणांपुढे तेच राग पुन्हा वाजवू लागला, आणि तेही समोरासमोर. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. टीबी-३०३ ला एव्हाना इतकी मागणी आहे, की कधी काळी जुन्या बाजारात पडेल किमतीला मिळणारे हे यंत्र आज संग्राहक मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊन घेतात.