जुनी गाडी घेण्याआधी तिचं दप्तर वाचा



आजचा विषय सेकंड हँड गाडीचा. नोकरीनिमित्त इंदूर, बडोदा, हैदराबाद, दिल्ली अशा ठिकाणी राहणारी आपली मंडळी बऱ्याचदा जुनी गाडी घेतात, आणि त्यात गैर काहीच नाही. चांगली सांभाळलेली चार-पाच वर्षांची गाडी पुढे कितीतरी वर्षं बिनतक्रार चालते. पण होतं काय, माणूस आधी रंग बघतो, मग एसी लावून बघतो, एक चक्कर मारतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. कागद बघायची वेळ येते सगळ्यात शेवटी.

सैन्यात हे उलटं असतं. तिथे प्रत्येक गाडीचं लॉगबुक असतं. कोणती दुरुस्ती कधी झाली, कुठला मोठा भाग बदलला, सगळं त्यात लिहिलेलं. गाडी एका युनिटकडून दुसरीकडे गेली की लॉगबुक तिच्याबरोबर जातं. ताबा घेणारा आधी ते वाचतो, मग बॉनेट उघडतो.

बाजारातल्या गाडीबरोबर असं तयार पुस्तक मिळत नाही. तिची पानं विखुरलेली असतात: काही परिवहन खात्याकडे, काही विमा कंपनीकडे, काही सर्व्हिस सेंटरमध्ये आणि काही खुद्द गाडीच्या अंगावर. ही पानं गोळा करायची आणि ती एकमेकांशी जुळतात का ते बघायचं. इतिहास तपासणं म्हणजे एवढंच.

नाव ज्याचं, जबाबदारी त्याची

हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या दाव्यात निकाल दिला. नोंदणीत नाव असलेल्या मालकाने गाडी २००७ सालीच विकली होती. पुढे ती आणखी काही हातांतून गेली, पण आरटीओत नाव कुणीच बदललं नाही. २००९ साली त्या गाडीने अपघात होऊन एकाचा जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालयाने सांगितलं, मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, आणि जबाबदारीही त्याचीच. मृताच्या घरच्यांनी एकामागोमाग एक खरेदीदार शोधत फिरावं, अशी अपेक्षा कायदा करत नाही.

विकणाऱ्याला यातून जो धडा मिळतो, तोच घेणाऱ्यालाही मिळतो. समोर बसलेला माणूस आरसीवरचा मालक नसेल, तर मालकाच्या सह्या असलेले कोरे फॉर्म दाखवून तो गाडी विकत असतो. अशा वेळी मूळ मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. दलाल असेल तर त्याचं प्राधिकार प्रमाणपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याकडून ते घ्यायचं असतं आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना फॉर्म २९ सी भरून पोर्टलवर द्यायची असते.

पहिलं पान: सरकारी नोंद

गाडीचा नंबर घ्या आणि एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, फिटनेस, विमा आणि पीयूसीची मुदत, कर्जाचा बोजा, गाडी काळ्या यादीत आहे का, हे तिथे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण आरसीवरच्या नावाशी ताडून बघायला तेवढं पुरतं.

मग आरसी हातात घ्या आणि मालकाचा अनुक्रमांक बघा. विकणारा 'सिंगल ओनर' म्हणत असेल आणि आरसीवर ३ असेल, तर पुढची बोलणी जपून करा. आरसी डुप्लिकेट असेल तर मूळ कुठे गेली ते विचारा. त्यानंतर चेसिस क्रमांक आरसीवरून नाही, गाडीवरून वाचा. तो १७ अक्षरांचा असतो. अक्षरं वेडीवाकडी, घासलेली किंवा आजूबाजूचा रंग ताजा दिसला, तर तिथूनच परत फिरा. गाडी चोरीची आहे का हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेतून बघता येतं.

आरसीवर बँकेचं नाव असेल, तर कर्ज फिटलं असं तोंडी सांगून भागत नाही. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो. ई-चलनाच्या पोर्टलवर थकलेले दंडही बघा आणि ते विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.

दुसरं पान: विम्याची पॉलिसी

हे पान लोक वाचतच नाहीत, आणि सगळ्यात जास्त ते बोलतं. पॉलिसीवर 'नो क्लेम बोनस'चा टक्का छापलेला असतो. एक वर्ष दावा केला नाही तर २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. मालक म्हणतो, सहा वर्षांत साधा ओरखडा नाही, आणि बोनस मात्र शून्य. मग एक तर दावा झालाय, किंवा विमा नव्वद दिवसांहून जास्त काळ बंद होता, किंवा मालक नुकताच बदललाय. कारण विचारायचं आणि कागद मागायचा. उलट, बोनस भरपूर दिसला म्हणून लगेच निश्चिंत होऊ नका. तो माणसाचा असतो, गाडीचा नसतो. मालकाने आधीच्या गाडीवरूनही आणलेला असू शकतो. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांच्या पॉलिसी बघा.

तिसरं पान: गाडीचं अंग

मीटर मागे फिरवता येतो. सर्व्हिस सेंटरच्या जुन्या नोंदी मागे फिरवता येत नाहीत. मालकाला बरोबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि प्रत्येक सर्व्हिसच्या वेळचं किलोमीटर क्रमाने लिहून घ्या. आकडा मध्येच कमी झाला, तर उत्तर मिळालं.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतोय आणि चारही टायर अलीकडचे आहेत, तर आधीचे एवढ्यात का गेले? काचांवरचे खुणेचे कोडही बघा. सगळ्या काचा एका काळातल्या आणि एकच वेगळी असेल, तर ती बाजू नीट तपासा. बॉनेटच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील, तर पुढचा भाग कधीतरी उघडलाय.

पुरात बुडालेल्या गाड्यांचंही असंच. मुंबईत २६ जुलै २००५ ला, चेन्नईत २०१५ ला, केरळात २०१८ ला, सांगली-कोल्हापुरात २०१९ ला गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या बाजारात जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आत गाळाचे डाग राहतात. कार्पेट उचला, स्टेपनीखालचा खड्डा बघा, सीटखालच्या लोखंडी पट्ट्यांचा गंज बघा.

राज्य ओलांडताना

दुसऱ्या राज्यातली गाडी स्वस्त दिसते, पण हिशोब पूर्ण करा. फॉर्म २८ ची एनओसी लागते. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी नव्या राज्यात ठेवायची, तर तिथली नोंदणी आणि तिथला कर भरावा लागतो. जुन्या राज्याकडे परतावा मागता येतो; तो कुणी घ्यायचा हे सौद्यातच ठरवा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले आणि पुढे त्यात बदलही झाले. तिकडची जुनी गाडी घ्यायची असेल, तर ती नोंदवून घेतील का, हे आधी आपल्या आरटीओत विचारा. २०२१ पासून आलेल्या बीएच मालिकेची गाडी असेल आणि तुम्ही त्या मालिकेला पात्र नसाल, तर साधी नोंदणी करून राज्याचा कर भरावा लागेल. तेवढी रक्कम किमतीतून वजा करा.

शेवटचं काम

फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्यासमोर सह्या होऊ द्या. नाव बदलण्याचा अर्ज तीस दिवसांत आणि विमा नावावर करण्याचा अर्ज चौदा दिवसांत करा. तृतीय पक्षाचा विमा कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय दावा अडकतो. ठरलेल्या रकमेतला काही भाग वाहन पोर्टलवर तुमचं नाव दिसेपर्यंत राखून ठेवा, आणि तसं लेखी करून घ्या.

सगळं जुळलं तर आनंदाने गाडी घ्या. एक जरी पान जुळलं नाही आणि विकणारा "त्यात काय एवढं" म्हणाला, तर नमस्कार करून उठा. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.