सायकल सहल : नकाशा व घाम

अलिबागहून किनाऱ्याने मालवणपर्यंत सायकलने जायचे असेल, तर नकाशावर केवळ किलोमीटर मोजू नयेत. हा रस्ता सपाट नाही. खाडीपाशी उतार संपला की पलीकडे चढ असतोच. दाभोळ-धोपावे येथे खाडी फेरीबोटीने ओलांडता येते. वेळा आधी विचाराव्यात. पाणी, मुक्काम व रुग्णालय यांच्या खुणा नकाशावर कराव्यात.

दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. म्हणून सकाळीच अंतर कापावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट प्यावे. चक्कर, मळमळ वाटल्यास सावलीत थांबावे. सोबती असंबद्ध बोलू लागल्यास तो उष्माघात समजावा. अंग ओले करून वारा घालावा व त्वरित रुग्णालयात न्यावे.