इंग्रजी वाक्यातील सर्वनामे : प्रकार व कार्य

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. तेव्हापासून वर्गात एक अनुभव वारंवार येतो. मोडक्या खुर्चीविषयी मूल 'शी इज ब्रोकन' असे म्हणते. शिक्षक 'शी' खोडून 'इट' लिहितात. मूल ते उतरून घेते. परंतु चूक का झाली हे त्यास उमगत नाही, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीसही ते 'शी'च म्हणते.

वस्तुतः ही चूक अज्ञानातून नव्हे, तर मातृभाषेच्या ज्ञानातून उद्भवते. मराठीत खुर्ची 'ती' व फळा 'तो' असतो, कारण मराठीत लिंग शब्दास असते. इंग्रजीत 'ही' व 'शी' ही रूपे मुख्यतः व्यक्तींसाठी असून निर्जीव वस्तूस 'इट' योजतात. हा भेद एकदा मराठीतूनच सांगितल्यास पुष्कळसे काम होते.

सर्वनामाचे प्रकार शिक्षकांस नवीन नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली व मोरो केशव दामले यांचे १९११ साली प्रसिद्ध झाले. तीच परिभाषा येथे उपयोगी पडते. 'आय, यू, ही' ही पुरुषवाचक. 'धिस, दॅट' ही दर्शक. 'हू, व्हॉट' ही प्रश्नार्थक. 'हू, विच' हीच वाक्ये जोडतात तेव्हा संबंधी. 'मायसेल्फ, हरसेल्फ' ही आत्मवाचक. 'समवन, नोबडी' ही अनिश्चित होत.

मात्र केवळ यादी पाठ करून घेणे व्यर्थ होय. प्रकार ठरतो तो शब्दाच्या वाक्यातील कार्यावरून. 'धिस इज माय बुक' यात 'धिस' सर्वनाम आहे. 'धिस बुक इज माइन' यात तेच नामापूर्वी येऊन विशेषणाचे कार्य करते. 'हू लिव्ज इन सदर?' यात 'हू' प्रश्नार्थक. 'द बॉय हू लिव्ज इन सदर इज माय फ्रेंड' यात ते संबंधी. या दुसऱ्या वाक्यात मुले 'इज' पूर्वी आणखी एक 'ही' घालतात, कारण मराठीत 'जो' च्या मागोमाग 'तो' यावाच लागतो.

विभक्तीच्या बाबतीतही असेच घडते. 'रामाने मला पाहिले' व 'मला भूक लागली' या दोन्ही वाक्यांत 'मला' आहे. इंग्रजीत मात्र पहिल्यात कर्म म्हणून 'मी', तर दुसऱ्यात कर्ता म्हणून 'आय' येते : 'राम सॉ मी', 'आय ॲम हंग्री'. म्हणून शब्दास शब्द न लावता इंग्रजी वाक्याचा कर्ता कोण, कर्म कोणते, हे प्रथम विचारावे.

पुढील तीन वाक्ये फळ्यावर लिहावीत : 'मीना सॉ हर.' 'मीना सॉ हर बुक.' 'मीना सॉ हरसेल्फ इन द मिरर.' पहिल्यात 'हर' कर्म असून ते दुसऱ्या मुलीस उद्देशून आहे. दुसऱ्यात ते स्वामित्व दाखविते. तिसऱ्यात मीनेची दृष्टी मीनेवरच वळते. प्रत्येक वाक्यास 'कोणाला?' व 'कोणाचे?' हे प्रश्न मुलांनीच विचारावेत व उत्तर मराठीत सांगावे.

वही तपासताना चुकीच्या शब्दाशेजारी मुलाच्या मनातील मराठी शब्द लिहावा. 'शी' शेजारी 'ती' दिसताच मुलास आपली वाट कोठे वळली ते कळते, आणि पुढची दुरुस्ती ते स्वतःच करू लागते.